निरोप्या आणि दवंडी

"ऐका हो ऐकाऽऽ, हायस्कुलातल्या सायन्सच्या मास्तराले अक्कल नाही होऽऽ."

भर बाजारात ही ओरड चालली होती आणि ओरडणारा इसम दुसरा तिसरा कोणी नव्हता, खुद्द सायन्सचा मास्तरच होता. गळ्यात माझा ढोल. माझा म्हणजे शाळेचा. पण ड्रिल मास्तर मी, कवायतीचा ढोल माझ्या ताब्यात, म्हणून माझाच. ऊन असं, की मिरच्यांच्या ढिगावर बसलेली माशी तिथल्या तिथे तळून निघावी. सर ढोलावर दोन टोले हाणायचे, चार पावलं चालायचे, थांबायचे, मान वर करायचे आणि पुढचं सांगायचे.

"त्यानं एका भल्या माणसाचा वर्गात पाणउतारा केला होऽऽ. त्याले त्याची लाज वाटून राह्यली होऽऽ."

ढाणकीहून बांगड्या विकायला आलेली एक बाई म्हणाली, "कोणता शिनमा आला वं?"

"शिनमा नोहे बाई," शेजारचा कापडवाला म्हणाला, "इलेक्शनचं असन."

आणि मी कुठे होतो? गुळाच्या दुकानामागे, दोन पोत्यांच्या मधे. ढोलाचा मालक म्हणून आपल्याला कोणी ओळखू नये एवढीच त्या घडीला माझी परमेश्वराकडे मागणी होती.

हे गाव उमरखेडच्या पलीकडे आणि ढाणकीच्या अलीकडे आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच गावात माझी सोयरीक झाली. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, शाळाही नवी होती, आणि आम्ही दोघे मास्तर एकाच घरात भाड्यानं राहत होतो. एक खोली माझी, एक खोली सरांची आणि सरांच्या बेडकांची.

सरांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. गाव त्यांना 'गाठीवाले मास्तर' म्हणे. त्याचं कारण असं, की आल्या आल्या त्यांनी वर्गात सांगितलं, माणसाचं शरीर ग्रंथींच्या हुकमानं चालतं. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, नवे मास्तर गाठींचे जाणकार आहेत. झालं. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर रांग. कोणाच्या गळ्याला गाठ, कोणाच्या काखेत गाठ, एकीच्या तर नवऱ्याच्या धोतराची गाठ सुटत नव्हती असं मी ऐकलं, पण ते मी पाहिलं नाही. सर सगळ्यांना हात जोडून पुसदच्या दवाखान्यात जायला सांगत. फुलसावंगीहून एक म्हातारा मानेला गाठ आलेला बैल घेऊन आला. सरांनी त्याला बसवून घेतलं आणि गळ्यातल्या अवटू ग्रंथीवर दोन तास व्याख्यान दिलं. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं. बैलानंही ऐकलं. मग म्हातारा म्हणाला, "थे सारं खरं हाये मास्तर. पन बैलाचं काय?"

दुसरं वेड गुडघ्याचं. सरांच्या खिशात एक लाकडी हातोडी असायची. समोरचा माणूस पायावर पाय टाकून बसला, की गुडघ्याच्या वाटीखाली टक्. पाय आपोआप उडायचा आणि सरांचा चेहरा लग्नघरासारखा उजळायचा. "पाहा, मेंदूला विचारलंच नाही. पाठीच्या कण्यानं परस्पर निकाल दिला. मेंदूला मागाहून कळवलं." उमरखेडच्या एसटीत त्यांनी कंडक्टरच्या गुडघ्याखाली टक् केलं. कंडक्टरचा बूट पुढच्या बाकावरच्या पाटलाच्या पाठीत बसला, पाटलानं मागे न बघता मागच्याच्या थोबाडीत दिली, आणि तो मागचा मी होतो. गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवण्यात आलं. सर रस्त्याच्या कडेला उभे राहून मला विचारत होते, "पाटलाची थप्पड मेंदूला विचारून होती की परस्पर, काय वाटतं तुम्हाला?"

बेडकाचं तर सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. कातडी सोललेल्या मेल्या बेडकाच्या पायावर मीठ टाकलं की तो पाय झटकतो. खरोखर झटकतो. हेडमास्तर चष्मा सावरत वाकून पाहायला गेले. सरांनी चिमूटभर मीठ टाकलं. बेडकानं हेडमास्तरांच्या नाकावर अशी लाथ घातली, की चष्मा खिडकीबाहेर जाऊन पडला. चष्मा गेला हे मी शपथेवर सांगतो. बेडूकही त्याच्यामागोमाग गेला की काय, यावर मतभेद आहेत.

आणि खाटकाची गोष्ट. सरांच्या गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा वर्ज्य. तरी दर बाजाराला ते खाटकाच्या दुकानासमोर उभे. त्यांना बकऱ्याचे गुर्दे हवे असत, तेही चरबी न काढलेले.

"खात नाही, मंग नेता कायले?" खाटीक विचारी.

"टोपी पाहायला."

"गुर्द्याले टोपी?"

मग सर तिथेच दाखवीत. मूत्रपिंडाच्या डोक्यावर ही एवढीशी पिवळट गाठ. अधिवृक्क ग्रंथी. वाघ दिसला की हिच्यातून रस सुटतो. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय पळायला तयार. "वाघच पाहिजे असं नाही," सर म्हणत, "हेडमास्तर दिसले तरी चालतं." पुढच्या बाजारापासून खाटीक आरोळी देऊ लागला, "टोपीवाले गुर्दे, टोपीवाले."

आता त्यांच्या कानांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्या कानांची आहे. सरांना खोटं बोलता येत नसे. बोलायला गेले की कान लाल होत. लाल म्हणजे किती, तर रात्री कंदील विझला असताना त्या उजेडात मी सुईत दोरा ओवला आहे. पत्त्यांत ते नेहमी हरत. हातात एक्का आला की कान पेटत.

या कानांवरूनच त्यांनी वर्गात एक प्रश्न घातला. त्याआधी त्यांचा दाखला सांगतो, कारण ते शिकवायचे ते त्या एका दाखल्यावर. शरीर म्हणजे गाव. गावात निरोप धाडायच्या दोन तऱ्हा. एक निरोप्या. तो मज्जातंतूच्या वाटेनं पळतो, नेमक्या एका दारावर थाप मारतो. विंचवावर पाय पडला, निरोप्या गेला, पाय उचलला, काम संपलं. दुसरी दवंडी. ती ग्रंथीची. ग्रंथी आपला रस रक्तात सोडते, रक्त आळीआळीतून फिरतं, सगळ्यांच्या कानांवर पडतं. पण 'गाडीवाल्यांनी चावडीवर यावं' अशी दवंडी असेल तर गाडीवालाच उठतो, बाकीचे कूस बदलतात. आणि मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका आहे, तिच्या दारावर मेंदूचा निरोप्या थाप मारतो आणि मग ती बाकीच्या ग्रंथींना दवंडी द्यायला लावते. निरोप्या झटक्यात जातो, झटक्यात संपतो. दवंडी सावकाश पोचते आणि दवंडीवाला घरी जाऊन झोपला तरी गाव बोलतच राहतं.

"तर सांगा," सरांनी नववीच्या वर्गाला विचारलं, "लाज वाटते ते काम कोणाचं? निरोप्याचं की दवंडीचं?"

पोरं निरोप्या म्हणाली. कान लगेच लाल होतात म्हणून. तिसऱ्या बाकावरची सुजाता उठली. "दोघाचं, सर. कान थंडे होऊन जाते. पोटातलं राह्यते."

त्या दिवशी संध्याकाळी सर जेवताना तीनदा म्हणाले, "पोटातलं राहतं. पुस्तकात हे असं लिहीत नाहीत हो."

सुजाता महादू गवंड्याची मुलगी. महादू पूर्वी गवंडी नव्हता. गावात दवंडी द्यायचं काम त्याच्या घराकडे होतं. बापाकडे, आजाकडे, जिथवर आठवतं तिथवर. छप्पन सालच्या दसऱ्याला महादू नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि वस्तीतल्या सगळ्यांसारखी त्यानं गावकीची कामं टाकली. मेलेली ढोरं ओढणं टाकलं, दवंडी टाकली. डफडं पैनगंगेत सोडलं म्हणतात. पुढे उमरखेडला एका मिस्त्रीच्या हाताखाली गवंडीकाम शिकला. पोरीचं नावही तेव्हाच बदललं. शाळेच्या हजेरीत मात्र जुनंच नाव राहिलं होतं. ते पुकारलं की ही 'हजर' म्हणायची नाही, समोर बघत बसायची. शेवटी हजेरीतलं नाव बदललं. वस्तीतून हायस्कुलात आलेली ती एकटीच पोरगी.

आणि गावात दवंडी बंद झाली ती झालीच. दुसरं कोणी ते काम करायला तयार नव्हतं. आता पंचायतीच्या फळ्यावर लिहीत, आणि ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची.

तर त्या दिवशी शाळेच्या नव्या खोलीला पलस्तर चाललं होतं. आत नववीचा वर्ग, बाहेरून खिडकीशी महादू, हातात थापी. सर दाखल्याच्या भरात. मागून पाटलाच्या पोरानं विचारलं, "सर, पन दवंडी देत कसे? आमी लहान होतो, आमाले नीट आठवत नाही."

सर अडले. ते यवतमाळ शहरातले. त्यांनी कधी नीट ऐकलेली नव्हती.

"देनारे तर थे काय, खिडकीतच हाये," पाटलाचं पोरगं म्हणालं.

काही पोरं हसली. सर हसले नाहीत, ते आनंदले. एखाद्याला बेडूक सापडावा तसे. खिडकीकडे धावत जाऊन म्हणाले, "अरे महादू, तू? ये, ये बाबा आत." आणि मैदानाकडे तोंड करून, "ड्रिल मास्तर, तुमचा ढोल आणा."

मी आणला. काय चाललं आहे ते मला वाटेतच कळलं होतं. गंमत होणार म्हणून मी जरा लगबगीनंच आणला.

महादूनं चपला दाराबाहेर काढल्या. हात ओले, सिमेंटचे. सरांनी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात ढोलाचा पट्टा घातला. "हं, दे बरं एक जुनी दवंडी. म्हणजे यांना ग्रंथी कळेल."

मागच्या बाकावरून कोणीतरी नाकात आवाज काढला, "ऐका हो ऐका." आणि वर्ग फुटला. मीही हसलो. खोटं कशाला सांगू.

महादू सरांकडे बघत नव्हता. तिसऱ्या बाकाकडे बघत होता. सुजाता बाकाच्या लाकडाकडे. मग त्यानं पट्टा गळ्यातून काढला, ढोल टेबलावर ठेवला, हळू, आवाज होऊ न देता.

"गुरुजी, थे आमी सोडलं," तो म्हणाला.

बाहेर गेला, चपला घातल्या, घमेलं उपडं केलं, थापी उचलली आणि निघाला. त्याच्यामागे सुजाता उठली, पिशवी घेतली, आणि वर्गातून सरळ बाहेर पडली. परवानगी मागितली नाही.

सरांचे कान मी तेव्हा पाहिले. लाल वगैरे काही नव्हते. पांढरे पडले होते, चुन्यासारखे. ढोलाच्या कातड्यावर महादूच्या बोटांचे ठसे वाळत होते.

त्या रात्री सर जेवले नाहीत. मनगटावर बोटं ठेवून भिंतीला टेकून बसले होते. मी म्हणालो, "झालं ते झालं. उद्या विसरतील."

"मला ठाऊक होतं हो," ते म्हणाले. "त्यांनी ते काम का सोडलं, मला सगळं ठाऊक होतं. दाखल्यात इतका रमलो की माणूस दिसला नाही." मग मनगटावरची बोटं काढून, "आणि मी त्यांना 'अरे' म्हणालो. आल्यापासून म्हणतो आहे. आज तिच्यादेखत म्हणालो."

"सगळं गाव म्हणतं," मी म्हणालो. मला तो दिलासा वाटला होता.

सुजाता शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यात नाही. महादूही फिरकला नाही. भिंत खिडकीपर्यंत गुळगुळीत आणि त्यावर उघड्या विटा, अशी उभी राहिली. हेडमास्तरांना इन्स्पेक्शनची काळजी. "दुसरा गवंडी पाहा, आणि एक पोरगी नाही आली तर शाळा बंद पडते का?" असं ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी चहा प्यायला. सर त्या अर्ध्या भिंतीशेजारी उभे राहून शिकवीत आणि मधेच थांबत. तीनदा वस्तीत जाऊन आले. महादूची बायको दारातूनच म्हणाली, "घरी नाहीत." तिसऱ्यांदा तिनं दार लोटून घेतलं.

"गप्प राहा," मी समजावलं. "वर्गाबाहेर कोणाला कळलंही नाही."

"तेच तर. केलं सगळ्यांसमोर आणि माफी मागतो कानात. निरोप्या धाडून काय उपयोग? आणि जे त्यांना करायला सांगितलं, ते मी स्वतः करून तरी पाहिलं का?"

त्यांच्या डोक्यात काय शिजतं आहे हे मला कळायला हवं होतं. बाजाराच्या दिवशी मी कवायत आटपून आलो तर ढोल जागेवर नव्हता.

बाकीचं तुम्हाला सुरुवातीला सांगितलंच. पण सांगितलं ते हसण्याजोगं तेवढंच सांगितलं. सर महादूच्या जुन्या वाटेनं फिरले. वेशीपासून पारापर्यंत, पारापासून चावडीपर्यंत, मग बाजार. पोरं मागे लागली. पाराजवळ एक जण म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारख्यानं असं काम करावं काय?" सरांनी विचारलं, "मग कोणासारख्यानं करावं?" तो माणूस विडी शोधू लागला. गुळाच्या दुकानदारानं खुर्ची पुढे केली. सर म्हणाले, "दवंडी द्यायला पूर्वी जे येत, त्यांनाही खुर्ची देत होता का?" दुकानदार तराजूत गूळ टाकू लागला, गिऱ्हाईक नसताना.

मी पोत्यांमागून निघून अंतर ठेवून चाललो होतो. बाजारातून वस्तीकडे जाताना चावडीजवळच्या बोळात एक म्हातारी दारात बसली होती. तिला धड दिसत नसे. ढोल ऐकून ती उठली, आतून मूठभर जवारी आणली, आणि जुन्या सवयीनं ती सरांपुढे मातीत टाकली. दुरून. अंगावर सावली पडू नये एवढ्या दुरून.

सर थांबले. खाली मातीत पसरलेल्या दाण्यांकडे बघत राहिले. ढोलाची काठी अर्धी वर उचलली होती ती तशीच राहिली. मग त्यांनी काय केलं ते मला सांगता येत नाही. मी अशाच एका गावात वाढलेला, ते दाणे असे पडताना कैकदा पाहिले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मान खाली घातली.

वस्तीत पोचलो तेव्हा सरांचा घसा पार बसला होता. पोरं वेशीपाशीच मागे राहिली. महादू ओट्यावर बसून थापी घासत होता, बादलीत पाणी. दाराच्या आत सुजाता चुलीपाशी पाठमोरी. वस्तीभर ऐकू गेलं असणार, पण कोणी बाहेर आलं नव्हतं.

"महादूभाऊ," सर म्हणाले. मग ढोल काढून जमिनीवर ठेवला. "मी गावभर सांगून आलो. माझं चुकलं म्हणून."

"ऐकलं."

"तुमचं नाव नाही घेतलं."

"गावात गवंडी एकच हाये, गुरुजी."

सरांचे कान आता मात्र पेटले. म्हणजे हेही चुकलंच. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आज कळलं होतं, आणि ढोल माझा, आवाज सरांचा, चर्चा मात्र पुन्हा महादूच्या घराची. मी पुढे होऊन काहीतरी विनोद करावा म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात माझ्या तोंडाला हे दोनदा तीनदाच जमलं आहे.

"तुम्ही सांगाल ते करतो," सर म्हणाले. "नोकरी सोडा म्हणाल तर सोडतो. पण तिची शाळा सोडवू नका. माझ्यामुळे नको."

आत सुजाताचा हात थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण तिनं सर्वांगाचे कान केले होते.

महादूनं थापी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. कडेला अजून थोडं सिमेंट चिकटलं होतं, ते अंगठ्यानं खरडलं. सर उभेच. त्यांच्या गळ्याची शीर उडताना मला एवढ्या लांबून दिसत होती.

"तुमी बोलले तर बोलले," महादू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "पलस्तर अर्धं राह्यलं हाये. उद्या येतो मी. पोरगीबी येईन. शिकवताना थे खिडकी तेवढी लावून घेत जा."